चौथा कुरव

सासऱ्यांनी पांढऱ्या रंगातला ब्रश डब्याच्या काठावर निथळला आणि ते पाटीवरच्या चौथ्या कुरवाच्या डोक्यावर टेकवणार, इतक्यात सून म्हणाली,

“बाबा, जरा थांबता?”

धक्क्यावरच्या या पाटीवर कुरव या समुद्रपक्ष्यांचं अख्खं गणगोत होतं, अगदी त्यांचे भाऊबंद सुरय आणि पाणचिरा धरून. चित्रं सासऱ्यांची, नावं सासूबाईंच्या हातची. तीस वर्षं सगळं गाव त्यावरूनच पक्षी ओळखत आलं होतं. रंग उजळायला पाटी अंगणात आणली होती आणि उद्या ती पुन्हा जागेवर चढायची होती. पक्षी मोजणं हा सुनेचा पेशा, त्यामुळे चूक तिला पहिल्याच दिवशी दिसली. पण लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. शहाणपण पाजळून घरातली गोडी कोण घालवणार? तिला ही दोघं फार आवडायची.

“हा तपकिरी डोक्याचा आणि हा पांढऱ्या डोक्याचा, हे दोन वेगळे नाहीत,” ती चाचरत म्हणाली. “एकच आहे. उन्हाळ्यात डोकं तपकिरी होतं, हिवाळ्यात पांढरं. कानामागे तेवढा ठिपका राहतो.”

सासऱ्यांनी चोरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

“हळू बोल. मला वीस वर्षांपासून माहीत आहे. पण हिने एवढं वळणदार नाव घातलंय, ते खोड म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?”

हसू दाबत सून आत गेली. सासूबाई भाजी चिरत होत्या, कान मात्र बाहेर.

“सांगितलंस एकदाचं? बरं केलंस,” त्या पुटपुटल्या. “मला कधीचं ठाऊक आहे गं. पण चौथा कुरव त्यांनी महिनाभर खपून काढलाय. तो जास्तीचा आहे म्हणायला जीभच रेटेना.”

सुनेने त्यांना हाताला धरून अंगणात आणलं.

“आता एकमेकांना सांगा बघू.”

दोघांनी सांगितलं. मग सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

सासऱ्यांनी दोन्ही नावांवर पाटीचाच निळा रंग फिरवला. तो वाळल्यावर सासूबाईंनी बारीक ब्रश सुनेच्या हाती दिला.

“दोन्ही चित्रांखाली मिळून एकच नाव. तू घाल.”

“माझं अक्षर काही बरं नाही, आई.”

“घाल गं.”

सासऱ्यांनी पाटी धरली. सुनेने श्वास रोखून ‘तपकिरी’तला पहिला ‘त’ काढला. तो चांगलाच फुगला आणि जरा कलंडलाही. दोघांनी तो नीट पाहिला.

“छान,” सासरे म्हणाले.

“अगदी मोत्यासारखा,” सासूबाई म्हणाल्या.