दुरुस्तीची चिठ्ठी

हेक्टर मॅक्लीश स्वतःच्याच चष्म्यावर बसला आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

शनिवारची दुपार, सामन्याला दहा मिनिटं बाकी, आणि बर्फाच्या रिंकच्या छपराखालच्या त्या खुराड्यात काडकन आवाज झाला. एकतीस वर्षं हेक्टर याच खुराड्यातून गावच्या आइस हॉकी संघाचं धावतं वर्णन रेडिओवर करत होता. त्याच्या शेजारी गेली एकोणीस वर्षं वेल्मा टायन्स बसायची, आकडे लिहायला.

"आता हो?" वेल्मानं विचारलं.

"आता काय! नाकाजवळचं तेवढं दिसतंय मला. पकची चकती कुणाकडे आहे ते तू नावांच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखव, बोलायचं मी बघतो. तोंडाला कुठं चष्मा लागतो?"

हे मात्र खरं होतं. हेक्टरच्या तोंडाला कधीच काही लागलं नव्हतं. त्याच्याकडे दोन डबे तयार असायचे. काळ्या पोराकडे पक गेला की पहिला डबा उघडायचा: "देवानं दिलेली ताकद! जन्मजात वेग! नुसती वीज!" गोऱ्या पोराकडे गेला की दुसरा: "काय डोकं! काय मेहनत! खेळ पुस्तकासारखा वाचतो!"

आता गंमत बघा. संघातला एकुलता एक काळा पोरगा म्हणजे वेल्माचा भाचा लायनेल, सतरा नंबरचा. बहीण गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. जेवायला चार हाका मारल्याशिवाय जागचा न हलणारा, अख्ख्या संघात सगळ्यात संथ. पण पक कुठं जाणार हे त्याला आधीच कळायचं आणि तो तिथं जाऊन निवांत उभा राहायचा. वीज म्हणायची तर ती कीगन रॅफ्यूजला. हा लालबुंद गालांचा पोरगा वाऱ्यासारखा सुटायचा, फक्त पक आपल्याकडे का आलाय हा प्रश्न त्याला दर वेळी नव्यानं पडायचा.

वेल्मानं हेक्टरला आजवर तीनदा सांगून पाहिलं होतं. तो दुखावून म्हणायचा, "अगं, कौतुकच करतो ना मी पोराचं!" तिथंच तर घोडं अडत होतं. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. कौतुकाशी भांडायचं कसं, सांगा बरं?

आज मात्र गोष्ट कौतुकावर थांबणारी नव्हती. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठाचे दुसे नावाचे कोच खेळ बघायला यायचे होते. त्यांच्या संघात मधल्या खेळाडूची एकच जागा होती, पूर्ण शिष्यवृत्तीसकट. लायनेलचं शिक्षण त्या एका जागेवर लटकलेलं होतं. आणि बर्फानं महामार्ग बंद! कोच कुठल्याशा पेट्रोल पंपावर गाडीत अडकून रेडिओ ऐकत बसले होते.

पहिलं सत्र संपलं आणि खुराड्यातला फोन वाजला.

"बाई, आकडे तुम्हीच लिहिता ना? तो सतरा नंबरचा बिजलीवाला राहू द्या," कोच म्हणाले. "पळणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. मला डोक्यानं खेळणारा हवाय."

वेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या सत्रात तक्त्यावरचं तिचं बोट घसरलं. खरं सांगायचं तर घसरलं नाही, तिनं घसरवलं. वहीत आकडे अचूक लिहिले, पण लायनेलकडे पक गेला की बोट कीगनवर आणि कीगनकडे गेला की लायनेलवर.

खाली लायनेल रिंकच्या मधोमध खांबासारखा उभा राहिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे पक सरकवला.

"कीगन! काय डोकं आहे या पोराला!" हेक्टर गरजला.

खाली कीगन तीन गड्यांना मागे टाकून पळाला आणि सरळ कुंपणावर जाऊन आदळला.

"लायनेल! जन्मजात वेग! नुसती वीज!"

प्रेक्षकांत कानाला रेडिओ लावून बसलेल्या कीगनच्या आईला चहाचा ठसका लागला. वेल्मा तोंडात रुमाल कोंबून हसत होती. एकोणीस वर्षांचं हसू होतं ते, लवकर आवरेना.

सत्र संपलं. पुन्हा फोन.

"बाई, सापडला! तो कीगन! सोमवारी पत्र पाठवतो त्याला."

वेल्माचं हसू जागच्या जागी गोठलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! भाच्याच्या ताटातलं तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या पानात वाढलं होतं. "अहो, थांबा," ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

एक वाट उरली होती. हेक्टरचा एक नेम होता, आणि त्याबद्दल गाव त्याला मानायचं. हवेवर गेलेली चूक तो कधी तशीच राहू द्यायचा नाही. प्रत्येक सत्राआधी वेल्मा दुरुस्तीची चिठ्ठी द्यायची आणि तो ती आधी न बघता, चर्चमधल्या आवाजात, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा. वेल्मानं कागद ओढला. तिनं लिहिलं आणि चिठ्ठी सरकवली.

"दुरुस्ती," हेक्टरनं घसा साफ केला. "दुसऱ्या सत्रात 'काय डोकं' असं कीगन रॅफ्यूजबद्दल पाच वेळा म्हटलं गेलं. तो लायनेल टायन्स होता. 'जन्मजात वेग, नुसती वीज' असं लायनेलबद्दल सात वेळा म्हटलं गेलं. तो कीगन होता. बोट वेल्मा टायन्सनं मुद्दाम चुकवलं, तिची चूक तिला मान्य आहे. विशेषणं..." इथं त्याचा आवाज अडखळला, पण नेम तो नेम. "विशेषणं हेक्टर मॅक्लीशची. खेळ बघून दिलेली नाहीत, नाव बघून दिलेली आहेत."

रेडिओवर आठ सेकंद शांतता. गावात लोकांनी आपापले रेडिओ हलवून बघितले म्हणतात.

हेक्टरनं माइकवर हात ठेवला. "नाव बघून?"

"नाव बघून."

"एकतीस वर्षं?"

"आधीच्या बारांचं मला माहीत नाही."

त्याचा चेहरा पडला. वेल्माला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. पण त्यानं तक्ता उचलून पालथा घातला.

"बोट नको. खाली तो काय करतोय ते सांग मला. नुसतं काय करतोय तेवढं."

तिसऱ्या सत्रात वेल्मा कानाशी कुजबुजत होती आणि हेक्टर तेच बोलत होता. "सतरा नंबर थांबला. बघतोय. अजून बघतोय... अगं, हलतोय का हा? दोघं अंगावर आलेत. येऊ दिले. मधून पक सोडला, कीगन सुटलाय, काय पळतोय हा पोरगा! गोल!"

माइक झाकून त्यानं विचारलं, "इतका संथ आहे हा?"

"पाळण्यात होता तेव्हापासून."

सामना संपला आणि फोन वाजला. वेल्मानं तो दोन्ही हातांनी धरला.

"बाई," कोच म्हणाले, "तो सतरा नंबर नेहमीच असा सावकाश विचार करून खेळतो?"

"नेहमीच."

"मग पत्र त्यालाच पाठवतो. आणि बाई, मीही नुसतं ऐकूनच नाव खोडलं होतं हो."

वेल्मानं फोन ठेवला आणि तोंडावर हात धरून बसली. खांदे गदगदा हलत होते. हेक्टरनं डोळे बारीक करून बघितलं, त्याला धूसर काहीतरी दिसलं.

"रडतेयस की हसतेयस गं?"

"ओळखा की!"

"नको बाई," हेक्टर म्हणाला. "तूच सांग."