राहून गेलेली नळी

थर्र... थर्र...

दवाखान्यातून परतून तिघं पुण्यात, बिबवेवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत नुकतीच टेकली होती. तो आवाज आला आणि जया दचकली. पाच वर्षांच्या राजनंदिनीने पिशवीतली एक्स-रेची फिल्म काढली होती आणि वाऱ्याने पत्रा वाजावा तशी ती हलवत बसली होती.

"ठेव गं ती," तिचा बाप संतोष म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

राजनंदिनी पोटात असताना जयाच्या डाव्या कुशीत मूतखडा अडकला होता. लघवी तुंबू नये म्हणून डॉक्टरांनी किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून एक मऊ नळी घातली. "बाळंतपण झालं की महिन्याभरात या, काढून टाकू," असं बजावलंही. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तर ठरलेलं. जया वाशीमला गेली. तिथे शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, लेकीचं कौतुक. नळीची आठवण तिला झाली नाही असं नाही; तिने आईला तसं म्हटलंही.

"जाशीन ना बाई," आई म्हणाली. "लेकराले मान तं धरू दे!"

लेकराने मान धरली, बसू लागलं, चालू लागलं. मधूनच कुशीत कळ यायची, लघवीला आग व्हायची. आई फोनवरून धण्याचं पाणी सांगायची, आणि काही दिवस बरंही वाटायचं. अशी पाच वर्षं सरली.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. दोऱ्यावर खडीसाखर चढावी तसे नळीवर खडे चढले होते.

"बाई, नळी म्हणजे काय छत्री आहे का, विसरायला?" मग ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांकडे वळले. "नीट बघून घ्या. आणि यापुढे नळी घातलीत, की ती काढायची तारीख पेशंटच्या घरच्यांकडूनही म्हणवून घ्यायची."

जयाने एवढंच विचारलं, "किडनी वाचेल ना हो?"

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "ती जवळजवळ बंद पडलीय. काढावी लागेल. उजवी चांगली आहे, तिला जपा."

आता घरात फोन वाजला. वाशीमहून आई.

"काय म्हने डॉक्टर?"

"खड्याचं ऑपरेशन आहे गं. साधंच."

"येऊ का मंग? लाडू करून आनू?"

"आण," जया म्हणाली आणि तिने घाईने फोन ठेवला. मग संतोषकडे न बघता बोलली, "अहो, आईला किडनीचं सांगू नका. जन्मभर स्वतःला खाईल ती."

"नळी मलाही ठाऊक होतीच की," संतोष म्हणाला आणि उठून उगाचच चहाचं आधण ठेवू लागला.

राजनंदिनीने फिल्म खिडकीच्या काचेला लावली.

"आई, हे दोन्ही टोकांना वळलेलं काय आहे?"

"नळी आहे. तू पोटात होतीस ना, तेव्हापासूनची."

"म्हणजे आम्ही दोघी आत शेजारी शेजारी होतो?"

"हो."

पोरीने त्या पांढऱ्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं, जयाच्या पोटाकडे पाहिलं.

"मग मला बाहेर काढलं, तेव्हा तिला का नाही काढलं?"