दोघींच्या दोन रोहिण्या

माझ्या सासूबाईंचा रुसवा पक्क्या रंगाचा. कितीही धुवा, जात नाही. त्यांची थोरली बहीण, सत्यशीलामावशी, संगमनेरला राहते. तिच्या मुलीच्या लग्नात मांडवभर बायकांच्या ओट्या भरल्या आणि धांदलीत सख्ख्या बहिणीचीच राहिली. आई रिकाम्या ओटीनं केडगावला परत आल्या, त्या पुन्हा तिकडे फिरकल्याच नाहीत. मावशीनं नंतर आईंना न्यायला जावयाला पाठवलं, तर आईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मावशीही हट्टाला पेटली, आता बोलावणार नाही म्हणाली. दोघी एकाच आईच्या पोटच्या, दुसरं काय होणार!

गेल्या वर्षी मावशी पडली, पाय मोडला. आईंनी न राहवून फोन केला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"बरी हाय का?"

"हाय."

पुढे दोघींना काही सुचेना. तेवढ्यात पलीकडून टीव्हीचा आवाज आला.

"काय लावलंय गं आक्का?"

"रोहिणीची मालिका."

"आगं, मी बी तीच बघते की!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मालिका झाली की फोन. रोहिणीची सासू कशी, नवरा किती बावळट, सगळं मी भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा मावशी म्हणाली, रोहिणीनं पापडाचं दुकान काढलं. आमची रोहिणी तर त्या दिवशी दवाखान्यात बेशुद्ध पडली होती! फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, मावशींची रोहिणी दुसऱ्या चॅनलवरची आहे. तुम्ही दोघी वेगवेगळ्या मालिका बघताय."

"मला काय कळत न्हाई व्हय?" आई फणकारल्या. "पहिल्याच आठवड्यात वळखलं मी. तिला सांगशील तर याद राख. दुसरं हाय काय आमच्यात बोलायला?"

मला फार वाईट वाटलं. संक्रांतीला त्यांनी आक्कासाठी म्हणून साडी घेतली होती. अधूनमधून ती कपाटातून काढायच्या, हात फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. जायचं तर होतं, पण बोलावल्याशिवाय जातील त्या आमच्या सासूबाई कसल्या!

आणि मग आमची मालिकाच संपली. रोहिणीचं सगळं गोड झालं, आईंचं तोंड मात्र कडू. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला गाण्यांचा कार्यक्रम लागला. आता या काय बोलणार, मला घोर लागला. आईंनी तरी फोन लावलाच.

"काय झालं आज रोहिणीचं?" मावशीनं विचारलं.

आई जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "आज लई रडली गं ती. तिला बहिनीकडं जावं वाटतंय. पर कोन्त्या तोंडानं जाती? न्यायला आलेल्या मानसाला तिनंच माघारी धाडलं हुतं."

 

"विजे," मावशी म्हणाली. "माझी मालिका झाली की मी तुझी बी बघते. तू काय बोलतीस ते कळाया नगं? काल संपली ती."

आईंनी डोळे गच्च मिटले.

"त्या रोहिणीला म्हनावं, वटी भरायची ऱ्हायलीय. उद्याच्या गाडीनं ये."

फोन चालूच होता. आईंनी पदर तोंडाला लावला आणि रडत रडतच मला म्हणाल्या, "पंकजा, ती साडी काढ."