टिचकी कोणाची?

"संशोधकाच्या रकान्यात माझं नाव टाका, वकीलसाहेब. कारखाना माझा हाय!"

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये सूर्यभानजी फोनवर बोलत होते आणि शेजारी उभ्या प्रतीक्षाच्या अंगाचा तिळपापड होत होता. शेड त्यांची, लोखंड त्यांचं, सगळं कबूल. पण संत्र्याला टिचकी मारून, तिचा आवाज ऐकून, आतून सुकलेलं फळ बाजूला काढणारं ते यंत्र? ते या घरच्या सुनेच्या डोक्यातून निघालं होतं! दोन हंगाम ती मोर्शीच्या संत्र्यांना टिचक्या मारत बसली होती. तेव्हा "सुनेले खूळ लागलं" म्हणून हेच सासरे हसले होते.

यंत्र अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात मांडायचं होतं. त्याआधी पेटंटचा अर्ज गेला नाही, तर उघड दाखवलेली युक्ती कोणीही उचलून नेणार. म्हणून ही घाई.

"मामाजी, यंत्र मी बनवलं. संशोधक म्हणून नाव माझं पाहिजे."

"अवं पोरी, आपल्या घरात सातबारा, लाइटचं बिल, समदं कर्त्याच्याच नावावर असते. तुले का आमी परकी समजून राहिलो?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नितेशने मान खाली घालून पाना पुसायला घेतला. वा रे पठ्ठ्या!

"पेटंटची मालकी कारखान्याची राहू द्या, मी तसा कागद करून देते. पण डोकं कोणाचं चाललं, हे खोटं कसं लिहायचं? उद्या कोणी कोर्टात खेचलं, तर पेटंटच रद्द होईल. मग धंदा कशाच्या जोरावर करायचा?"

"कोन इचारते!"

"मी इचारते!" जेवणाचा डबा घेऊन आलेल्या वच्छलाबाईंनी तो टेबलावर आदळला. सूर्यभानजींची बायको एरवी शेडमध्ये बोलत नसे. "आपला तण काढाचा डवरा आठवते? दर्यापूरच्या मानसानं नक्कल केली, त्याले तुमी अजून चोर म्हनता. पन पात्याले बाक द्या, मंग तण मुळासकट निंघते, हे तुमाले कोनं सांगतलं होतं?"

सूर्यभानजींनी फोन कानापासून दूर धरला.

"मी! जलमभर वाकून निंदन केलं म्हनून मले समजलं. अन् डवऱ्यावर नाव कोनाचं? सूर्यभान डवरा! त्यानं नेलं त चोरी, अन् तुमी नेलं त काय वो? संसार?"

फोनवर वकील "हॅलो, हॅलो" करत होते. सूर्यभानजींचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं ते दर्यापूरवाल्याला शिव्या घालत जेवले होते, आणि वाढणारी समोरच बसलेली होती!

"लिहा वकीलसाहेब," ते हळूच म्हणाले. "संशोधक, प्रतीक्षा. मालक, कारखाना."

मग अकोल्याला न्यायच्या डवऱ्यावरचं आपलं नाव त्यांनी स्वतः खरवडलं आणि ब्रश नितेशच्या हातात दिला. "टाक, वच्छला डवरा. मोठ्या अक्षरात."

वाचकहो, आपली युक्ती परक्याने पळवली की आपण गावभर बोंब मारतो. मारावीच! पेटंट घ्यावं, वेळेत घ्यावं. पण अर्जावर सही करण्याआधी घरात एकदा विचारा, हे सुचलं कोणाला? जिचं डोकं, तिचं नाव. तेच आपण खाल्लं, तर कोणत्या तोंडाने दुसऱ्याला चोर म्हणणार?