जर्मनीची आग, आयर्लंडची बातमी

मी एक जुना लाकडी ठसा आहे, मित्रांनो. नासपतीच्या लाकडाचा, तळहाताहून थोडा मोठा. सुमारे चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका गल्लीतल्या छापखान्यासाठी मला कोरलं, तेव्हा जर्मनीत लढाई चालू होती. जळणारं घर, तलवार उपसलेला शिपाई आणि लेकराला पोटाशी धरून पळणारी आई, एवढं माझ्या अंगावर आहे. कोरणाऱ्यानं यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तरी माझं चित्र छापलेली बातमीची पत्रकं खपली, माझं कौतुक झालं, आणि मग मी फळीवर धूळ खात पडलो.

पुढे एका हिवाळ्यात आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध बंड होऊन घरं जाळल्याची बातमी आली. खरं किती, खोटं किती, कुणालाच धड कळेना. लोकांना मात्र आजच्या आज वाचायला हवं होतं. नवं चित्र कोरायला सवड कुठली? मालक गिल्बर्टनं फुंकर मारून मला खाली काढलं.

"अहो, हे तर जर्मनीचं," त्याची बायको हेस्टर म्हणाली.

"आग सगळीकडे सारखीच दिसते गं. शाई आण."

सगळेच छापखाने असं करत. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पुन्हा शाई लागली म्हणून मी खूश होतो. ते आठवलं की आजही लाज वाटते.

ओनोरा त्याच गल्लीत राहायची. आयर्लंडहून आलेली विधवा. छापखान्याचे शाईनं माखलेले कपडे धुऊन द्यायची, अधूनमधून फळीवरचे ठसेही पुसायची. लोकांनी तिला आमच्याच दारात अडवलं आणि माझं चित्र तिच्या नाकासमोर धरलं.

"बघ तुझ्या भाऊबंदांचे पराक्रम. आता इथं कुणाचं घर पेटवतेस?"

"बाई, सांगा ना यांना," ती दारात आलेल्या हेस्टरला म्हणाली. "हा ठसा मीच कितीदा पुसलाय. जुना आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

हेस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. दोरीवर ओली पत्रकं वाळत होती.

"मला छपाईतलं काय कळतंय," ती पुटपुटली आणि आत आली.

बाहेर दगड पडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी ओनोरा कपाळाला फडकं बांधून आली. हातात धुतलेले, घडी घातलेले कपडे.

"मी इथून जातेय. म्हटलं, तुमचे कपडे अडकायला नकोत."

हेस्टरला रडू फुटलं. मला उचलून ती चुलीकडे वळली. "जाळूनच टाकते मेल्याला."

"त्याला कशाला जाळता, बाई," ओनोरा शांतपणे म्हणाली. "त्याला काल बोलता येत नव्हतं."

हेस्टरनं मला चुलीपासून मागे घेतलं.

मित्रांनो, असं एखादं चित्र तुमच्या हाती आलं, तर रागावण्याआधी विचारा, हे कधीचं, कुठलं? आणि उत्तर तुम्हालाच ठाऊक असेल, तर हेस्टरसारखं दारातून आत जाऊ नका.