उसनी उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. उशी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर अंथरूण येईल, स्वच्छ अभ्रा येईल, दिवसभर दमलेले एखादे डोके येईल. माझ्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. माझे आयुष्य मार खाण्यात गेले. आणि तरीही ज्याने मला मारले, त्याच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही.

माझा जन्म एका मुलीच्या हातून झाला. तिच्या आखूड झालेल्या निळ्या फ्रॉकचे कापड आणि जुन्या गादीतून निघालेला कापूस, एवढेच माझे भांडवल. तिचा धाकटा भाऊ दिसेल ते बडवत असे: डबे, खुर्चीची पाठ, स्वतःचे गुडघे. वडील छापखान्यात रात्रपाळीला होते आणि दिवसा झोपत. भिंतीपलीकडून त्यांची कूस बदलल्याची चाहूल लागली की मुलीचा जीव अर्धा होई. एके दुपारी तिने मला भावाच्या मांडीवर टाकले.

"ठोक्या, काय बडवायचंय ते हिच्यावर बडव. बाबा झोपलेत."

"ताई, हिचा आवाजच येत नाही!"

"म्हणूनच दिलीय, शहाण्या."

कापसावर ड्रमची कांडी उसळत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर ती मनगटाने उचलावी लागते. ठोक्याची मनगटे अशी माझ्यावर घडली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, शेजारी कुणी झोपले आहे याचे भान ठेवून वाजवणे तो माझ्यावर शिकला.

पुढे त्याला एका रॉक बँडमध्ये जागा मिळाली. तो निघाला, तेव्हा ताई कपडे पिळत होती. त्याच्या पिशवीतून डोकावणारा माझा कोपरा तिला दिसला.

"उशी उसनी देतेय हं. परत आणून द्यायची."

"या गाठोड्याचं काय करणार तू?"

"ते माझं मी बघीन. तू आणून दे."

इतकी जिवाला जीव देणारी मुलगी एका उशीसाठी एवढी चिकट का व्हावी, हे मला त्या वेळी उमगले नाही.

आडवा ठेवून पायाने वाजवायचा एक मोठा ड्रम असतो. तो रिकामा असला की उगाच घुमत राहतो. म्हणून त्याच्या पोटात उशी कोंबतात. त्या अंधाऱ्या, गोल खोलीत मी राहू लागले. ठोक्याचा पाय पडला की मी तो छातीवर झेलायची आणि घुमणारा आवाज गिळायची. लोक त्या भरीव ठोक्यावर वेडे झाले. टाळ्या माझ्यापर्यंत येत, पण भिंतीपलीकडे कुणाचा तरी समारंभ चालला असावा, तशा.

घरात रागाने पडलेले 'ठोक्या' हे नाव आता माणसाहून उंच अक्षरांत भिंतींवर झळकू लागले. वर्तमानपत्रांना तो फार आवडे. मुलाखतीला गेला की काहीतरी तोडूनच यायचा. खुर्ची नाहीतर माणूस. कार्यक्रम संपताना ड्रम लाथाडायचा, आणि त्याबरोबर मीही गडगडत जायची. ताईचा फोन आला की म्हणे, "पुढच्या महिन्यात नक्की." असे कितीतरी पुढचे महिने मागे गेले.

एका संध्याकाळी, स्टेजवर जाण्याच्या जरासे आधी, पुन्हा ताईचा फोन आला. "कधी?" एवढेच त्याने विचारले. मग म्हणाला, "हो. एवढं आटोपून लगेच निघतो." बाबा गेले होते. त्याने ते कुणालाच सांगितले नाही.

त्या संध्याकाळी त्याचा पाय माझ्यावर इतका हळू पडत होता, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपले आहे.

लोकांनी आरडाओरडा केला, बाटल्या फेकल्या. गायकाने चिडून ड्रममध्ये हात घातला आणि मला बाहेर ओढून उंच धरले. "हे बघा! साहेबांच्या ड्रममध्ये काय आहे! म्हणून झोपा काढतायत!" सारे सभागृह हसले. स्टेजच्या उजेडात येण्याची ती माझी पहिलीच वेळ. ठोक्याने गायकाच्या थोबाडीत मारली. पोलीस आले आणि त्यांनी त्याला सकाळपर्यंत बसवून ठेवले. तो सुटला तेव्हा बाबांना निरोप देऊन झाला होता.

'बापाच्या मरणादिवशी ड्रमरचा स्टेजवर दंगा', असे सगळीकडे छापून आले. ती बातमी बाबांच्याच छापखान्यात छापली गेली असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही.

बँडने त्याला काढले. ड्रम गोदामात गेला आणि पुन्हा त्याच्या पोटात कोंबलेली मीही. एका उंदरिणीने माझा कोपरा कुरतडून त्यात पिल्ले घातली. माझ्यावर डोके ठेवून झोपलेले पहिले जीव तेच. ती पिल्लेही मोठी होऊन निघून गेली.

पुष्कळ वर्षांनी ड्रमचे तोंड उघडले. ठोक्याचे केस पिकले होते. ड्रमकडे त्याने पाहिलेही नाही. मला झटकले, काखेत धरले आणि तो चालू लागला.

दार ताईने उघडले.

"काय काम आहे?"

"उशी द्यायला आलोय. उसनी होती."

ताईने हात पुढे केला नाही. "उसनी वस्तू अशी परत करतात?"

"उंदरांनी खाल्ली."

"आणि तुला कुणी खाल्लं?"

त्याने माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्यातून लोंबणारा कापूस आत ढकलला.

"बाबा गेलेले, आणि तू खुशाल बडवत होतास?"

"बडवत नव्हतो, ताई. हळू वाजवत होतो. घरात वाजवायचो तसं. म्हणून तर सगळं बिनसलं."

ताईने मला त्याच्या हातातून घेतले. मग दारातून बाजूला झाली. "पंखा लावू नकोस, कापूस उडेल," एवढेच बोलली आणि सुईदोरा शोधू लागली.

शिवून होताच ठोक्या माझ्यावर डोके ठेवून तिथेच, जमिनीवर झोपला. आयुष्यभर त्याचे हातपाय मला ओळखत होते. कान पहिल्यांदाच टेकला. ताई स्वयंपाकघरात भांड्याला भांडे लागू न देता वावरत होती.

तो निघताना तिने मला त्याच्या काखेत कोंबले.

"उसनी देतेय. परत आणायची."

"कधी?"

"लवकर. आणि उंदरांशिवाय."

मित्रांनो, आता मी एका भाड्याच्या खोलीत खुर्चीवर असते. खोली फार शांत आहे. तुमच्या घरी कुणाची उसनी वस्तू पडून असेल, तर तिला जपा आणि स्वतःच्या हाताने नेऊन द्या. दारात उभे राहिल्यावर शब्द सुचणार नाहीत; तेव्हा ती वस्तू पुढे करा.

माझ्या शिवणीतला दोरा अजून नवा आहे. ठोक्याने आज सकाळी कपाटावरची प्रवासाची पिशवी खाली काढून ठेवली आहे.