कमरेची सुपारी

दत्तोबा सोळंके यांनी पंपांच्या कारखान्यात मिळवलेलं मुलींच्या कॉलेजला वसतिगृहासाठी दिलं, तेव्हा त्यांचा हात अडखळला नाही. अडखळले ते त्या वसतिगृहाच्या वास्तुशांतीच्या पाटावर बसताना.

"वहिनी नाहीत, तेव्हा ही सुपारी कमरेला खोचा. शास्त्राला चालतं," गुरुजी म्हणाले.

"एवढी वर्षं बायको शेजारी बसली, गुरुजी. तिच्या जागी ही? नाही जमायचं मला. दुसरं कुणी बसवा." आणि दत्तोबा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

मागोमाग कॉलेजच्या प्राचार्य रेणू आल्या. दत्तोबा आणि त्यांची बायको सुलभा यांनी हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या दोन खोल्यांत शिकायला ठेवलेली पहिली मुलगी हीच, उदगीरची. तेव्हा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड होती. दोघांना मूलबाळ झालं नाही, पण घर रिकामं राहिलं नाही. एक मुलगी पदवी घेऊन गेली की गावाकडून दुसरी यायची. सुलभाची स्वतःची शाळा लग्नापायी सुटलेली. "माझं राहिलं, यांचं नको राहायला," एवढंच म्हणायची आणि कणीक मळायला बसायची. वसतिगृह तिनंच मागितलं होतं. पाया भरून झाला आणि ती गेली.

"काका, उद्या मुली सामान घेऊन येतायत."

"येऊ दे की. मी कुठं अडवलंय?"

"काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या, सांगू?" रागावली की सुलभा बाजारातलं हैदराबादी बोलायची. रेणूनं तसाच हात कमरेवर ठेवला. "कायकू मूं फुलाके बैठे जी? उठो!"

दत्तोबांना हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले. ते उठले.

पाटावर बसून त्यांनी सुपारी कमरेला खोचली. पूजेत सुलभा त्यांच्या उजव्या कोपराला बोटं लावून बसायची. डुलकी लागली की तिथंच चिमटा काढायची. आज कोपराला काहीच लागत नव्हतं.

"आता पत्नीनं हात लावावा," गुरुजी सवयीनं बोलून गेले आणि जीभ चावून थांबले.

दत्तोबांनी डावा हात सुपारीवर ठेवला. "लावलाय तिनं. तुम्ही पुढं चला."

पूजा आटोपल्यावर गुरुजींनी निर्माल्यात टाकायला सुपारी मागितली. दत्तोबा ती मुठीत धरून तडक स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकाच्या बाई डाळ ढवळत होत्या. दत्तोबांनी थोडी तळहातावर घेऊन चाखली.

"पतली है अम्मा. बच्च्यां दिनभर पढके आतीं."

मग मिसळणाचा डबा उघडून त्यांनी मोहरीच्या वाटीत सुपारी ठेवली.

"अय्यो, ये कायकू सार?"

"रहने दो. दाल पतली हुई तो ये बोलेगी तुमको."